डोळ्यांच्या दवाखान्यात पहिल्यांदा जाताना

माझ्या वडिलांनी एकदा डोळे तपासायचा तक्ता पाठ केला होता. उजव्या डोळ्याने शेवटून दुसरी ओळ नीट वाचली आणि डाव्याची पाळी आली तेव्हा तीच ओळ घडाघडा म्हणून दाखवली. तपासणाऱ्या मुलीने काही न बोलता तक्ता बदलला. वडील गप्प. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू बराच पुढे गेला होता, आणि त्यांना तो बहुधा आधीच कळला होता. बाहेर आल्यावर म्हणाले, "नापास झालो."

मी स्वतः काचबिंदूची, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस झिजवणाऱ्या आजाराची, रुग्ण आहे. दर चार महिन्यांनी त्या खुर्चीत बसते, आणि बाहेरच्या बाकावर बसून लोकांना बघायची सवयही लागली आहे. पहिल्यांदा आलेला जवळजवळ प्रत्येक जण वडिलांसारखाच वागतो. डोळे बारीक करून वाचतो, थेंब चुकवले तरी "रोज टाकतो" म्हणतो, जुना चष्मा लपवतो. ही परीक्षा आहे आणि त्यात चांगले मार्क पडले पाहिजेत, असं वाटत असतं. इथे चांगले मार्क मिळवणाऱ्याचं नुकसान होतं. पुढचं सगळं हे ध्यानात ठेवून वाचा.

अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, अशा गोष्टी

हे आधी सांगते, कारण यात दिरंगाई महागात पडते. एका डोळ्याची नजर एकाएकी गेली किंवा खूप कमी झाली. डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके, जाळं किंवा वीज चमकल्यासारखा प्रकाश दिसू लागला, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली आली. डोळा लाल, प्रचंड दुखतोय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसताहेत, मळमळतंय. एकाची दोन दिसायला अचानक सुरुवात झाली. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी जायचं. डोळ्यात रसायन उडालं असेल तर दवाखानाही नंतर. आधी जिथे असाल तिथे स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा, पापण्या बोटांनी उघड्या धरून.

बाकी तक्रारींसाठी वेळ घेऊन जा आणि पुढचं वाचा.

निघण्याआधी

घरात असतील तेवढे चष्मे घ्या. वाचायचा, लांबचा, काडी मोडून ड्रॉवरमध्ये पडलेला, सगळे. दवाखान्यात त्यांच्या काचेचा नंबर यंत्रावर मोजतात आणि तुमचा नंबर किती बदलला ते त्यावरून कळतं. थेंबांची नावं पाठ करण्यापेक्षा बाटल्याच पिशवीत टाका. "निळ्या टोपणाची बाटली होती" हे ऐकून डॉक्टरांना काहीही बोध होत नाही.

शरीराच्या इतर औषधांची यादी मात्र लिहूनच न्या. डोळ्यांशी त्यांचा काय संबंध, असं वाटतं, पण असतो. स्टेरॉइड, मग ते गोळीत असो, दम्याच्या पंपात असो किंवा चेहऱ्याला लावायच्या मलमात, काही जणांच्या डोळ्यातलं प्रेशर वाढवतं. प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन ही गोळी घेणाऱ्याच्या बाहुलीभोवतीचा रंगीत भाग मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी नीट ताठ राहत नाही. गोळी पूर्वी कधी घेतली होती आणि आता बंद आहे, तरी सांगायचं. संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) ठरावीक काळाने तपासावा लागतो. मधुमेह असेल तर गेल्या काही दिवसांतली साखर किती, तेही लिहा. साखर वरखाली होत असताना चष्म्याचा नंबरही वरखाली होतो, आणि त्या काळात केलेला चष्मा महिन्याभरात निरुपयोगी ठरू शकतो. आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर विचारायची वाट न बघता आपणहून सांगा.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर फोन करतानाच विचारा की घालून यायचं की काढून. काही मोजमापांआधी त्या बरेच दिवस बंद ठेवाव्या लागतात. काढून ठेवायची डबी आणि चष्मा जवळ हवाच. डोळ्यांचा मेकअप त्या दिवशी नको.

गाडी स्वतः चालवत जाऊ नका. सोबत कोणी तरी घ्या, उन्हाचा चष्मा घ्या, आणि दोन-तीन तास मोकळे ठेवा. कारण पुढे येईल.

तक्रार कशी सांगायची

"धूसर दिसतं" एवढंच सांगून थांबू नका. या एका शब्दात लोक निदान पाच वेगळ्या गोष्टी कोंबतात. सगळंच पुसट दिसतंय? धुक्यातून किंवा मळक्या काचेतून पाहिल्यासारखं वाटतंय? मधला तुकडा गायब आहे? दाराची चौकट वाकडी दिसते? समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे पसरतात? यातली प्रत्येक तक्रार डोळ्याच्या वेगळ्या भागाकडे बोट दाखवते. वाकड्या रेषा पडद्याच्या मध्यभागाकडे, पसरलेले दिवे बहुतेकदा मोतीबिंदूकडे.

घरीच एक गोष्ट करून पाहा. एक डोळा झाका, मग दुसरा. कित्येकांना एका डोळ्याने कमी दिसतं हे वर्षभर कळतच नाही, कारण दुसरा डोळा निमूटपणे दोघांचं काम करत असतो. एकाची दोन दिसत असतील तर हे करणं आणखी मोलाचं. एक डोळा झाकल्यावरही दोनच दिसली तर दोष बहुधा उघड्या डोळ्याच्या आतल्या काचेसारख्या भागात किंवा नंबरात असतो. झाकल्यावर एकच दिसलं, तर दोन डोळे एकाच दिशेला बघत नाहीयेत. त्यामागे स्नायू किंवा नस असू शकते आणि ते लवकर, अचानक सुरू झालं असेल तर त्याच दिवशी, दाखवायला हवं.

कोणता डोळा, कधीपासून, हळूहळू की एकदम, जवळचं की लांबचं. एका चिठ्ठीवर चार ओळी. खुर्चीत बसल्यावर निम्मं विसरायला होतं, मला अजूनही होतं.

पहिली खुर्ची: तक्ता

आत गेल्यावर बहुतेक ठिकाणी आधी ऑप्टोमेट्रिस्ट (नजर आणि चष्म्याचा नंबर तपासणारे) किंवा सहायक तपासतात, डॉक्टर नंतर. समोर तक्ता असतो. हर्मन स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने 1862 मध्ये तो काढला आणि त्याच्या नावाचा तक्ता अजून भिंतीवर आहे. कागदावर 6/6, 6/18 असं काही लिहितील. वरचा आकडा म्हणजे तुम्ही किती मीटरवर बसलात. खालचा म्हणजे निकोप डोळ्याला तीच ओळ किती मीटरवरून वाचता आली असती. 6/18 म्हणजे इतरांना अठरा मीटरवरून दिसतं ते तुम्हाला सहा मीटरवर यावं लागतं. काही देशांत हेच फुटांत मोजतात, म्हणून 20/20. शंभरपैकी किती, असा त्याचा अर्थ नाही.

वाचता येत नसलं तरी संकोच नको. वर-खाली-डावीकडे-उजवीकडे तोंड केलेल्या 'ई' आकाराचा तक्ता असतो, नुसत्या बोटांनी दिशा दाखवायची.

इथे तीन चुका होतात. झाकलेल्या डोळ्यावर तळहात दाबणं ही पहिली. मग त्या डोळ्याची पाळी आली की काही वेळ त्याला खरोखरच पुसट दिसतं. हाताची ओंजळ करून नुसता आडोसा करा. दुसरी, डोळे बारीक करणं. फटीतून पाहिलं की प्रकाशाचे भरकटणारे किरण गाळले जातात आणि उगाच स्पष्ट दिसतं. हीच युक्ती तपासणारे स्वतः वापरतात, बारीक भोकाची काळी चकती डोळ्यापुढे धरून. त्यातून नीट दिसलं तर चष्म्याने फरक पडण्याची शक्यता मोठी, नाही दिसलं तर डोळ्यात आणखी काहीतरी शोधायचं. तुम्ही आपणच डोळे चिंचोळे केलेत तर हा धागाच तुटतो. तिसरी चूक माझ्या वडिलांची. अंदाज करायला हरकत नाही, उलट अगदी दिसेनासं होईपर्यंत वाचत जायचं असतं. पाठ केलेलं म्हणायचं नाही.

यंत्रांची रांग

हनुवटी टेकवा, कपाळ पट्टीला चिकटवा. आत एक चित्र दिसतं, बऱ्याच यंत्रांत लांब रस्ता आणि टोकाला रंगीत फुगा. तो मधेच पुसट होतो, पुन्हा स्पष्ट होतो. घाबरू नका, यंत्र तुमच्या डोळ्याला लांब बघायला लावून सैल करत असतं. इथे निघालेला नंबर हा कच्चा अंदाज असतो. नुसत्या या चिठ्ठीवर चष्मा करून घेऊ नका.

दुसरं यंत्र डोळ्यावर हवेची फुंकर मारतं. प्रत्येक जण दचकतो. दोन्ही डोळे उघडे ठेवा, श्वास रोखून धरू नका, गळ्याचं बटण आवळलेलं असेल तर सैल करा. श्वास कोंडला किंवा कॉलर घट्ट असली की प्रेशरचा आकडा खोटाच वर जातो.

"एक चांगलं की दोन?"

मग नाकावर जड, गोल चौकटीचा चष्मा येतो किंवा तोंडासमोर भिंगांचं अजस्र यंत्र, आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. पहिल्या काचेने बरं की दुसऱ्या? आता? आणि आता? लोक इथे घामाघूम होतात. चुकीचं उत्तर दिलं तर आयुष्यभर चुकीचा चष्मा, अशी काहीतरी भीती असते. तसं नसतं. पाव-पाव नंबरच्या फरकाने काचा बदलत असतात आणि शेवटाकडे त्या मुद्दामच जवळजवळ सारख्या होतात. "सारखंच दिसतंय" हे उत्तर त्यांना हवंच असतं. तपासणारे तुमचं उत्तर दुसऱ्या काचेने पडताळूनही बघतात, त्यामुळे एखादं चुकलं तरी बिघडत नाही. पुन्हा दाखवा म्हणा, कोणी रागावत नाही.

एकच सावधगिरी. अक्षरं जास्त काळी आणि बारीक दिसू लागली म्हणजे जास्त स्पष्ट झाली, असं नाही. उणे नंबर गरजेपेक्षा वाढला की नेमकं असं होतं. अक्षर ओळखायला खरंच सोपं झालं का, तेवढंच स्वतःला विचारा. लाल-हिरव्या पट्टीवरची अक्षरं दाखवून "कुठली गडद?" विचारतात, ते हाच ज्यादा नंबर पकडण्यासाठी.

चाळिशी लागली असेल तर घरून एक मोजमाप करून जा: संगणकाचा पडदा डोळ्यांपासून किती लांब असतो, पुस्तक किती. वाचनाचा नंबर अंतराप्रमाणे ठरतो. ते न सांगता केलेला चष्मा घालून माणसं मान मागे टाकून पडद्याकडे बघत बसतात. आणि नवा नंबर बराच बदलला असेल तर ती चाचणीची चौकट घालून चार पावलं चालून बघू द्या म्हणा. जमीन तिरकी वाटते का, ते तिथेच कळेल.

थेंब, आणि थेंबांनंतरचा बाक

आतला पडदा बघायचा तर बाहुली मोठी करावी लागते. एरवी ती उजेडात दोन-तीन मिलिमीटर असते, थेंबांनी सात-आठपर्यंत उघडते. मान मागे, नजर वर, खालची पापणी खाली ओढलेली, आणि एक गार थेंब. पाच-दहा सेकंद चुरचुरतं. थोड्या वेळाने घशात कडू चव येते. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात दोन सूक्ष्म भोकं असतात, तिथून अश्रू नाकात आणि पुढे घशात उतरतात, त्याच वाटेने औषधही जातं.

मग बाहेर बाकावर वीस-तीस मिनिटं, कधी दुसरा-तिसरा थेंब टाकून आणखी वेळ. मधुमेह्यांची बाहुली बरेचदा हट्टी असते. सुरुवातीला सगळे फोन बघत असतात. दहा मिनिटांनी फोन लांब धरलेले दिसतात, मग आणखी लांब, हात पुरेनासा झाला की खिशात जातात. मला तो बाक आवडतो. सगळे डोळे मिटून बसलेले, नाव पुकारलं की चार जण एकदम दचकून उठतात. काही अर्ज भरायचा, सही करायची, वाचून घ्यायचं असेल तर ते थेंबांच्या आधी उरका.

मोठ्यांच्या साध्या तपासणीच्या थेंबांचा असर साधारण चार ते सहा तास राहतो, काहींचा जास्त. ऊन सोसवत नाही, जवळचं वाचता येत नाही. लहान मुलांना नंबर काढण्यासाठी टाकतात ते औषध वेगळं, त्याचा असर दिवसभर राहतो. ॲट्रोपिन असेल तर आठवडाभर आणि वरही. शाळेत कळवून ठेवा. घरी गेल्यावर डोळा खूप दुखायला लागला, लाल झाला, उलटी झाली तर मात्र लगेच परत जा. क्वचित कोणाच्या डोळ्यात बाहुली मोठी झाल्यावर आतल्या पाण्याची वाट बंद होते आणि प्रेशर एकदम चढतं.

डॉक्टरांसमोर

पुन्हा हनुवटी, पुन्हा कपाळ. समोरून उजेडाची उभी चीर डोळ्यावर पडते. या यंत्राचं नाव स्लिट लॅम्प, डोळ्याचा सूक्ष्मदर्शकच. कपाळ मागे सरकलं की डॉक्टरांना काहीच दिसत नाही, आणि ते सतत सरकतं, आपल्या नकळत. दोन्ही हातांनी बाजूच्या कड्या धरा. "माझ्या कानाकडे बघा" म्हणाले की खरंच कानाकडे बघा. दिव्याकडे बघायचा मोह होतो. नंतर मिनिटभर सगळं जांभळट-गुलाबी दिसतं, ते आपोआप जातं.

प्रेशर नेमकं मोजायचं असेल तर बधिर करणारा थेंब आणि पिवळा रंग टाकून निळ्या दिव्यात एक छोटं टोक बुबुळाला टेकवतात. ऐकायला भयंकर, जाणवत काहीच नाही. रुमाल पिवळा होतो इतकंच. त्यानंतर अर्धा तास डोळा चोळू नका, बधिर डोळ्याला ओरखडा गेलेला कळत नाही. साधारण 10 ते 21 हा आकडा ठीक मानतात. पण 18 आलं म्हणून काचबिंदू नाही, असं होत नाही. प्रेशर नेहमीच्या हद्दीत असूनही नस झिजत गेलेले बरेच असतात. बुबुळाची जाडी कमी असेल तर आकडाही खरा असतो त्याहून कमी येतो. म्हणून डॉक्टर नस बघतात.

आणि नस शंकास्पद वाटली तर फील्ड टेस्ट, म्हणजे नजरेचा आवाका मोजणारी चाचणी. पांढऱ्या घुमटात तोंड घालून मधल्या ठिपक्याकडे बघायचं, कडेला कुठे उजेडाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं. मला या चाचणीने पहिल्यांदा रडवलं होतं. दोन-तीन ठिपके दिसायचे आणि मग कितीतरी वेळ काहीच नाही. वाटलं, संपलं, आंधळी होतेय मी. कोणीतरी आधी सांगायला हवं होतं की यंत्र ठिपका मुद्दाम मंद मंद करत नेतं, तुम्हाला दिसेनासा होईपर्यंत, कारण त्याला ती सीमाच शोधायची असते. निकोप डोळ्यालाही त्यातले कितीतरी ठिपके दिसत नाहीत. ठिपका शोधायला नजर फिरवायची नाही. शंका आली म्हणून दाबत सुटायचं नाही, यंत्र मधेमधे ठिपका न दाखवता फसवून बघतं आणि खोटे होकार मोजतं. पापणी मिटायची असेल तर बटण दाबतानाच मिटा. थकलात तर सांगा, थांबवता येतं. पहिली चाचणी बऱ्याच जणांची वाईट येते, म्हणून पुन्हा घेतात. ओसीटी हे पडद्याचं स्कॅन मात्र गंमत आहे, काही सेकंद एका खुणेकडे बघायचं, पडद्याचे थर छापून येतात.

उठण्याआधी

आजाराचं नाव कागदावर लिहून मागा. कोणत्या डोळ्यात, किती पुढे गेलंय, पुढची तारीख कधी, आणि काय झालं तर तारखेआधी यायचं. थेंब चुकत असतील तर इथेच सांगून टाका. मी सहा महिने रात्रीचा थेंब आठवड्यातून दोनदा तरी विसरत होते आणि दर वेळी मान डोलावत होते. डॉक्टरांना वाटलं औषध पुरत नाही, त्यांनी दुसरं वाढवलं. खरं सांगितल्यावर ते सकाळच्या वेळेवर आणून दिलं, दात घासण्याच्या जोडीला, आणि वाढवलेली बाटली बंद झाली.

चष्म्याच्या कागदावर ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस म्हणजे डावा. स्फिअरखाली उणे असेल तर लांबचं कमी दिसतं, अधिक असेल तर उलट. सिलिंडर आणि ॲक्सिस ही तिरक्या नंबराची जोडी, किती आणि कोणत्या कोनात. ॲड म्हणजे वाचनासाठी वर चढवलेला नंबर. नवा चष्मा घालून आठवडा-दोन आठवडे झाले तरी डोकं दुखत असेल तर परत जा. आधी काच बरोबर बनली का ते मोजायला सांगा, दोष तपासणीचाच असतो असं नाही.

थेंब घरी टाकताना एकच टाका. पापणीच्या खोबणीत पूर्ण एक थेंबसुद्धा मावत नाही, दुसरा गालावरच ओघळतो. टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरा, औषध घशात न जाता डोळ्यात राहतं. दोन औषधं असतील तर मधे पाच मिनिटं जाऊ द्या, मलम सगळ्यात शेवटी. बाटली उघडली ती तारीख तिच्यावर लिहा, बहुतेक बाटल्या चार आठवड्यांनी टाकून द्यायच्या असतात.

मोतीबिंदू सांगितला असेल तर "पिकू दे, मग बघू" हे जुनं झालं. आता रोजच्या कामात अडायला लागलं की काढतात, आणि फार कडक होऊ दिला तर काढणंच अवघड होतं. डॉक्टरांना एक विचारा: ऑपरेशननंतर बिनचष्म्याने लांबचं हवं की जवळचं, यातलं मी काय निवडायचं? हे आत बसवायच्या भिंगाच्या नंबरावर ठरतं आणि ते आधी ठरवायचं असतं.

वडिलांनी जवळचं निवडलं. ऑपरेशननंतर महिन्याने तपासायला तीच मुलगी होती. तिने तक्ता लावला, यांनी डावा डोळा उघडा ठेवून नुसती एक नजर टाकली आणि म्हणाले, "अगं, हा मला पाठ आहे. दुसरा लाव."